नळी बसली, दाब उतरला नाही

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि माणूस नातवंडांचे चेहरे बघून हरखतो. काचबिंदूच्या ऑपरेशनचं तसं नाही. ते अगदी उत्तम झालं तरी रुग्णाला आधीपेक्षा जास्त दिसत नाही. सुरुवातीचे काही दिवस तर थोडं धूसरच दिसतं. गेलेली नजर परत आणणं हा या शस्त्रक्रियेचा हेतूच नसतो. डोळ्यातला दाब उतरवायचा आणि उरलेली नजर राखायची, एवढंच तिचं काम. म्हणूनच ती फसली तरी रुग्णाला पत्ता लागत नाही. दाब पुन्हा २२, २४, २८ मिलिमीटर पारा असा चढत जातो; डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं वर्तमानपत्र वाचता येतं. कडेची नजर मात्र गुपचूप कमी होत राहते.

चांदवडसारख्या तालुक्यात ही गोष्ट फार जड जाते. गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. नाशिक साधारण ६५ किलोमीटर, मालेगाव त्याहून जवळ. म्हणजे डोळ्यांचा तज्ज्ञ गाठता येणार नाही असं मुळीच नाही. पण वडनेर भैरवच्या द्राक्षबागेतला किंवा राहूडकडचा कांदा करणारा माणूस, काही दुखत नसताना आणि चांगलं दिसत असताना, दिवस मोडून फक्त दाब मोजायला नाशिकला जाईल का? बागेची छाटणी चालू असते, कांदा काढणीला आलेला असतो, मजूर मिळत नसतात. ‘दिसतंय ना? मग जाऊ पुढच्या महिन्यात,’ असं तो म्हणतो आणि त्यात काही चुकतंय असं घरातही कुणाला वाटत नाही.

अगदी लहान छेदातून होणाऱ्या काचबिंदूच्या नव्या शस्त्रक्रिया कुठे आणि का फसतात, हे या प्रकरणात बघायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. यातलं बहुतेक अपयश ऑपरेशनच्या टेबलावर घडत नाही. ते एकतर आधीच घडलेलं असतं, चुकीच्या डोळ्यासाठी चुकीची पद्धत निवडली गेली तेव्हा. नाहीतर नंतर घडतं, तपासण्या चुकल्या तेव्हा.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते आतल्या आत फिरतं आणि आतूनच निघून जातं. समोरची काचेसारखी पारदर्शक पारपटल आणि रंगीत बुबुळ जिथे एकमेकांना भेटतात, त्या कोनात एक बारीक जाळी असते. जाळीतून पाणी श्लेमच्या कालव्यात उतरतं. फ्रीडरिश श्लेम या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८३० मध्ये या कालव्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. कालवा डोळ्याभोवती गोल फिरतो, रुंदीला एक मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. त्यातून २५ ते ३० बारीक वाहिन्या निघतात आणि पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांमध्ये जाऊन रक्तात मिसळतं. हा निचरा मंदावला की दाब चढतो. मग डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले दहा-बारा लाख तंतू हळूहळू मरू लागतात, आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही.

केंब्रिजच्या जे. ई. केर्न्स यांनी १९६८ साली ट्रॅबेक्युलेक्टॉमी मांडली. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत झडपेसारखी वाट करायची आणि पाणी बाहेरच्या पातळ आवरणाखाली जिरवायचं, ही ती पद्धत. दाब उतरवण्यात तिला आजही तोड नाही. पण तिचे धोके मोठे आहेत: दाब गरजेपेक्षा जास्त उतरणं, जखम पाझरणं, कित्येक वर्षांनी जंतुसंसर्ग होणं. हे धोके टाळून थोडा दाब उतरवता आला तर बरं, या विचारातून गेल्या पंधरा-वीस वर्षांत नव्या पद्धतींचं एक घराणंच उभं राहिलं. टोरांटोचे डॉ. इक्बाल आइक अहमद यांनी त्याला नाव दिलं आणि त्याची आद्याक्षरं घेऊन डॉक्टर मंडळी त्याला ‘मिग्ज’ म्हणतात. २०१२ मध्ये अमेरिकेत ‘आयस्टेंट’ला मान्यता मिळाली: टायटॅनियमची, एक मिलिमीटर लांबीची नळी, जी जाळीतून थेट श्लेमच्या कालव्यात बसते. २०१६ मध्ये ‘झेन’ आली: जिलेटिनची सहा मिलिमीटरची नळी, आतलं छिद्र ४५ मायक्रॉनचं, ती पाणी बाहेरच्या आवरणाखाली नेते. २०१८ मध्ये ‘हायड्रस’ आली: निटिनॉल धातूची आठ मिलिमीटरची कमान, जी कालव्याचा जवळजवळ पाव भाग उघडा धरून ठेवते.

आपल्याकडे ही परदेशी उपकरणं महाग पडतात. म्हणून बरेच सर्जन काहीही आत न बसवता जाळीच कापणाऱ्या किंवा उघडणाऱ्या पद्धतींकडे वळले. त्यातली एक जवळून बघण्यासारखी आहे. ‘गॅट’ नावाची ही पद्धत अमेरिकेत डलासमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. टाके घालण्याचा साधा नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीनचा धागा घेतात. त्याचं टोक गरम करून किंचित फुगवतात, म्हणजे ते आत टोचणार नाही. पारपटलीच्या कडेला एक बारीक छेद घेऊन, कोन दाखवणारं भिंग डोळ्यावर धरून, हे टोक श्लेमच्या कालव्यात सरकवतात. धागा कालव्यातून पूर्ण गोल फिरून सुरुवातीच्या जागी परत येतो. मग दोन्ही टोकं धरून ओढायचं, की आख्ख्या वर्तुळाची जाळी आतून उसवते. थोडं रक्त येतं. टाका नाही, उपकरण नाही, बाहेर खूण नाही. हाताला सराव असेल तर हे काम फार देखणं होतं.

आता अपयश म्हणजे काय? यावर एकमत नाही, आणि रुग्णाने हे समजून घ्यायला हवं. एखाद्या अभ्यासात दाब २० टक्क्यांनी उतरला की यश धरतात, दुसऱ्यात २१ च्या खाली आला की यश, तिसऱ्यात १५ च्या खाली हवा. दाब उतरवणारे औषधी थेंब चालू ठेवून तो आटोक्यात असेल तर काही जण त्याला यश म्हणतात, काही म्हणत नाहीत. हायड्रसच्या मोठ्या चाचणीत मोतीबिंदूसोबत हे उपकरण बसवलेल्या ७७ टक्के डोळ्यांमध्ये दोन वर्षांनी, थेंब बंद करून मोजलेला दाब २० टक्क्यांनी किंवा अधिक उतरलेला होता. आकडा छान दिसतो. पण ज्यांचा फक्त मोतीबिंदू काढला, उपकरण बसवलंच नाही, त्यांच्यातही ५८ टक्के डोळ्यांत तेवढाच उतार दिसला. म्हणजे दाब उतरण्याचं बरंचसं श्रेय मोतीबिंदू काढण्याला जातं. आयस्टेंटच्या पहिल्या चाचणीतही हेच दिसलं होतं: निकष थोडा वेगळा, पण एका वर्षाने यश ७२ टक्के विरुद्ध ५० टक्के. याचा अर्थ उपकरण निरुपयोगी आहे असा नाही. हायड्रसच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनीही थेंबांशिवाय राहणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त होतं. पण ‘नळी बसवली की थेंब सुटले’ एवढ्याच आशेवर कुणी तयार झालं, तर तिथेच निराशेचं बी पेरलं जातं.

आपल्याकडच्या अपयशाचं सगळ्यात मोठं कारण उशीर हेच. हा आजार भारतात किती पसरला आहे याचा अंदाज २०१० साली मांडला गेला: चाळिशीपुढचे साधारण १ कोटी १२ लाख लोक. दक्षिणेतल्या मोठ्या पाहण्यांमध्ये, आंध्र आणि तमिळनाडूत, उघड्या कोनाचा काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊजणांना तो आहे हे माहीतच नव्हतं. महाराष्ट्रातही नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ या काळात डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या पुढाकाराने ४,७११ माणसांची तपासणी झाली. खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांची इतक्या बारकाईने मोजमापं त्याआधी मध्य भारतात क्वचितच झाली होती. अशा पाहण्या घरोघर जाऊन केल्या, म्हणून रुग्ण सापडले. एरवी चांदवड तालुक्यातला माणूस दवाखान्यात येतो तो एक डोळा जवळजवळ गेल्यावर, आणि तेही मोतीबिंदू समजून.

आता पेच बघा. मिग्जच्या पद्धती बेतल्या गेल्या त्या सुरुवातीच्या किंवा मध्यम आजारासाठी. त्यामागे शरीराचं साधं कारण आहे. जाळी कितीही उघडली तरी पाणी शेवटी शिरांमध्ये जातं, आणि त्या शिरांमध्ये मुळातच आठ ते दहा मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. त्याखाली ही वाट दाब नेऊच शकत नाही. व्यवहारात चौदा-पंधराच्या आसपास गाडी थांबते. ज्याची नस थोडीच खराब झाली आहे त्याला पंधरा पुष्कळ झाले. ज्याची नस वाळत आली आहे, ज्याला आता बोगद्यातून बघितल्यासारखंच दिसतं, त्याला दहा-बारा लागतात. अशा डोळ्यात आयस्टेंट बसवणं किंवा सुईने जाळी कापणं म्हणजे पंधरावर आलेला दाब बघून समाधान मानणं आणि नजर जाऊ देणं. कागदावर ऑपरेशन यशस्वी, रुग्णाच्या बाबतीत फसलेलं. सौम्य पद्धत म्हणून ती पुढे सरकलेल्या आजारात वापरायचा मोह डॉक्टरांनाही होतो आणि रुग्णालाही, कारण टाके नाहीत, लवकर घरी जाता येतं. माझ्या मते उशिरातून येणारा हा मोह फार धोक्याचा.

दुसरं कारण कोनाचं. भारतातल्या त्या एक कोटी बारा लाखांपैकी उघड्या कोनाचे रुग्ण ६५ लाखांच्या आसपास आणि बंद कोनाचे २५ लाखांच्या आसपास धरले गेले. बंद कोनाच्या डोळ्यात बुबुळाची कड पुढे येऊन जाळीला चिकटलेली असते. चिकटलेल्या जागी नळी बसवायला जावं तर जाळीच दिसत नाही. बसवलीच तर बुबुळ येऊन नळीचं तोंड झाकतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी कोन डोळ्याने बघणं अनिवार्य आहे. त्यासाठी गोनिओस्कोपी करतात. डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकतात आणि आरसे असलेलं एक छोटं भिंग पारपटलीवर टेकवतात. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. तरीही गर्दीच्या ओपीडीत आणि शिबिरांत ते सहज राहून जातं, कारण दाब मोजायला यंत्र पुरतं पण कोन बघायला डॉक्टरचा वेळ लागतो. ‘माझा कोन बघितला का?’ हा प्रश्न रुग्णाने हक्काने विचारावा. काही बंद कोनाच्या डोळ्यांत फुगलेला मोतीबिंदू काढला की जागा होते आणि कोन पुष्कळसा उघडतो. तिथे मोतीबिंदूचं ऑपरेशन हाच पहिला उपचार ठरतो.

कोन उघडा आहे, आजारही मध्यम आहे, तरी दाब उतरत नाही असंही होतं. इथे जाळीच्या पलीकडचा रस्ता बघावा लागतो. न्हाणीच्या मोरीची जाळी घासून लख्ख केली, पण पुढचं गटारच तुंबलेलं असेल, तर पाणी न्हाणीतच साचणार. काही डोळ्यांत श्लेमचा कालवा चपटा होऊन मिटलेला असतो, त्यातून निघणाऱ्या वाहिन्यांची तोंडं बंद झालेली असतात. बरीच वर्षं दाब चढलेला असेल आणि आजार पुढे गेलेला असेल, तर ही शक्यता वाढते. या पुढच्या वाहिन्या नाकाच्या बाजूला जास्त असतात, म्हणून सर्जन नळी नेहमी तिकडेच बसवतात. पण वाहिन्या चालू आहेत की नाही हे आधी नक्की सांगणारी रोजच्या वापरातली तपासणी अजून हातात आलेली नाही. उघडलेल्या जाळीच्या कडा पुन्हा चिकटल्या, बुबुळ वर येऊन तिथे चिकटलं, तरी वाट बंद होते. नळी जाळीत न बसता तिच्या शेजारी बसली तरी तेच. एक मिलिमीटरच्या वस्तूला अर्ध्या मिलिमीटरची चूक पुरते, म्हणून सर्जनच्या हाताखालून किती डोळे गेले आहेत याला फार महत्त्व आहे.

झेनसारख्या नळ्यांचं दुखणं वेगळं. त्या पाणी बाहेर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली सोडतात. तिथे पाण्याचा एक छोटा उंचवटा तयार होतो. डॉक्टर त्याला ब्लेब म्हणतात. शरीराला मात्र ही जखम वाटते आणि शरीर जखम भरून काढतं. तिथे व्रणाचं पांढरं, घट्ट जाळं तयार झालं की नळी उघडी असूनही पाण्याला जायला जागा उरत नाही. ते रोखायला मायटोमायसिन हे मूळचं कर्करोगावरचं औषध अगदी थोड्या प्रमाणात वापरतात, आणि गरज पडली तर नंतर सुईने व्रण मोकळा करतात. अशी सुई फिरवण्याची पाळी बऱ्याच रुग्णांवर येते, त्याला अपयश समजू नये. पण ती वेळेवर फिरवली तरच उपयोग, आणि वेळ कळण्यासाठी रुग्ण डॉक्टरांसमोर असावा लागतो. प्रिझरफ्लो नावाच्या दुसऱ्या नळीची ट्रॅबेक्युलेक्टॉमीशी थेट तुलना झाली, तेव्हा एका वर्षाने यशाचं प्रमाण अनुक्रमे ५४ आणि ७३ टक्के निघालं. नळीमुळे त्रास कमी, पण दाब उतरवण्याची ताकदही कमी.

व्रण कोणाच्या डोळ्यात जास्त धरतो? तरुण डोळ्यात, आत सूज असलेल्या डोळ्यात, आधी ऑपरेशन झालेल्या डोळ्यात. चांदवड परिसरात इथे आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. उन्हात आणि धुळीत आयुष्य काढलेल्या माणसांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे चढणारं मांस, ज्याला वडस म्हणतात, ते बऱ्याच वेळा दिसतं. ते काढून टाकताना उघड्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातलं पातळ आवरण कापून लावतात. वडसासाठी ही उत्तम पद्धत आहे. पण दहा वर्षांनी त्याच माणसाला काचबिंदू निघाला, की ब्लेबसाठी हवी असलेली वरची जागा आधीच व्रणाने घट्ट झालेली असते. वडस काढताना डोळ्यातला दाब आणि नस तपासून ठेवली, तर हा पुढचा विचार तेव्हाच करता येतो.

दुसरी गोष्ट थेंबांच्या बाटल्यांची. तपासणीच्या टेबलावर डॉक्टर आणि शेतकरी यांच्यात होणारं हे बोलणं कुणालाही ओळखीचं वाटेल.

“बाबा, थेंब किती वर्षं टाकताय?”

“सात-आठ वर्षं झाली असतील. आधी एक होता, मग दोन झाले, आता तीन बाटल्या आहेत.”

“रोज टाकता?”

“टाकतो की. बाटली संपली तर मग गावाला जाईस्तोवर राहतं.”

“डोळे लाल होतात, खाज येते?”

“ते तर होतंच. त्याला मेडिकलमधून वेगळा थेंब आणतो ना. लगेच बरं वाटतं.”

या तीन उत्तरांत धोक्याची तीन कारणं आहेत. काचबिंदूच्या बऱ्याच थेंबांमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं टिकाऊपणाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं दिवसातून तीन-चार वेळा ते पडलं की डोळ्यावरचं आवरण सतत सुजलेलं राहतं, आणि सुजलेल्या आवरणात व्रण लवकर धरतो. जितक्या जास्त बाटल्या आणि जितकी जास्त वर्षं, तितका बाहेर पाणी नेणाऱ्या नळीला धोका जास्त. म्हणून अशा डोळ्यावर ऑपरेशनच्या आधी काही आठवडे थेंब बदलतात, सूज उतरवणारं औषध देतात, आणि मग हात लावतात. हे आठवडे वाया गेले असं रुग्णाला वाटतं. ते वाया जात नाहीत.

दुसरं कारण, मधेच सुटणारे थेंब. आज टाकले, मग पंधरा दिवस नाही, अशा डोळ्यात आजार कागदावर दिसतो त्यापेक्षा पुढे गेलेला असतो. आणि ज्याच्याकडून थेंब सुटतात, त्याच्याकडून ऑपरेशननंतरची तपासणीही सुटण्याची शक्यता असते. त्याला रागावून उपयोग नाही. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचे दिवस, द्राक्षाची काढणी, हे बघून ऑपरेशनची तारीख ठरवली, तर पहिल्या महिन्याच्या तपासण्या तो नक्की करतो. हे ठरवायला डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारायचा असतो: शेतात आता काय चाललंय?

तिसरं कारण म्हणजे मेडिकलमधला तो ‘वेगळा थेंब’. लगेच बरं वाटायला लावणाऱ्या थेंबात बऱ्याच वेळा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. काही माणसांमध्ये ते जाळीचा निचरा कमी करतं आणि दाब चढवतं. कोरड्या, उन्हाच्या भागात खाजऱ्या डोळ्यांच्या लहान मुलांना हे थेंब महिनोन्‌महिने दिले जातात, आणि काही मुलं बारा-पंधराव्या वर्षीच नस वाळलेली घेऊन येतात. डोळ्यांच्या तज्ज्ञाने लिहून दिलेलं नसेल तर स्टेरॉइडचा थेंब घरात ठेवू नये, हे मी कळकळीने सांगतो. थोडा दिलासा आहे तो असा, की स्टेरॉइडने आलेल्या काचबिंदूत बिघाड मुख्यतः जाळीतच असल्यामुळे धाग्याने जाळी उघडण्याची पद्धत तिथे चांगली चालते.

ऑपरेशननंतरही स्टेरॉइडचे थेंब देतातच, सूज उतरवायला. जाळीचा काही भाग शाबूत ठेवणाऱ्या पद्धतींनंतर काही रुग्णांचा दाब याच थेंबांमुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उसळतो. बघणाऱ्याला वाटतं ऑपरेशन फसलं. थेंब कमी केले की दाब उतरतो. पण त्या आठवड्यात कुणी दाब मोजलाच नाही, आणि रुग्णाने ‘बरं वाटतंय’ म्हणून तेच थेंब दोन महिने चालू ठेवले, तर हे तात्पुरतं संकट खरं अपयश होऊन बसतं.

जाळी उघडल्यावर शिरांतलं रक्त उलटं येऊन डोळ्याच्या पुढच्या भागात साचतं. बहुतेकांचं ते आठवड्याभरात जिरतं. डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकून ओझं उचलायचं नाही, एवढं पाळायचं. कांद्याच्या गोणीला हात लावायचा नाही हे मात्र स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. ‘विश्रांती घ्या’ म्हटलं तर शेतकरी नांगराला जात नाही, पण गोणी उचलतोच. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

अपयश उपकरणाचंही असू शकतं. ‘सायपास’ नावाची नळी २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि दोन वर्षांच्या निकालांत चांगली दिसली. पाच वर्षांनी तपासणी केली तेव्हा पारपटलीच्या आतल्या थरातल्या पेशी या नळीच्या डोळ्यांत सरासरी २० टक्के कमी झालेल्या आढळल्या. नुसता मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये ही घट १० टक्के होती. कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ती नळी जगभरातून मागे घेतली. दाब उतरत होता, डोळ्याचं दुसरं अंग झिजत होतं. नव्या उपकरणाला ‘सुरक्षित’ म्हणताना किती वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, हे विचारायला या घटनेने सगळ्यांनाच शिकवलं.

आणि खरंच फसलं तर? पारपटलीतून आत जाऊन केलेल्या पद्धतींचा एक मोठा फायदा असा, की बाहेरचं आवरण अस्पर्श राहतं. म्हणजे आयस्टेंट, हायड्रस किंवा गॅट पुरेसं पडलं नाही तरी ट्रॅबेक्युलेक्टॉमीची जागा शिल्लक असते. बाहेर पाणी नेणारी नळी व्रणाने बंद झाली, तर वाट अवघड होते. तेव्हा मोठं निचरा उपकरण बसवावं लागतं. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेलं असं उपकरण परदेशी उपकरणांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि आपल्याकडे भरपूर वापरलं जातं. मोठी ऑपरेशनंही कायमची नसतात: आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांवरच्या एका अमेरिकी चाचणीत पाच वर्षांत ट्रॅबेक्युलेक्टॉमीच्या ४७ टक्के आणि निचरा नळीच्या ३० टक्के डोळ्यांत अपयश नोंदलं गेलं. काचबिंदूत एका ऑपरेशनने काम संपेल अशी आशा कुठल्याच पद्धतीत नाही. दुसरी पायरी कोणती, हे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. सरकारी योजनेतून उपचार होणार असतील, तर त्यात नेमकं काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून त्याच वेळी समजून घ्यावं.

नाशिकहून परत येताना फाइलमध्ये चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का बघायचं: ऑपरेशनच्या आधीचा दाब, डॉक्टरांना हवा असलेला दाब, कोन उघडा की बंद, आणि आत काही बसवलं असेल तर त्याचं नाव. हवा असलेला दाब लिहिलेला असेल, तर पुढच्या वेळी चांदवडच्या किंवा मनमाडच्या दवाखान्यात मोजलेला आकडा घरातल्या शाळकरी मुलालाही ताडून बघता येतो, आणि नाशिकला आज जायचं की ठरलेल्या तारखेला, हे त्यावरून ठरतं. उपकरणासोबत मिळणारं छोटं कार्ड मात्र आधार कार्डासारखं जपायचं. धातूची नळी आत असलेल्या माणसाला उद्या पाठीच्या किंवा डोक्याच्या एमआरआयची गरज पडली, तर तंत्रज्ञ मशीन सुरू करण्याआधी तेच कार्ड मागतो.